श्लाख्टनझेचा चिखल आणि पवईचा ट्रॅक

घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर माझ्या बर्लिनच्या घराजवळच्या तळ्याचा फोटो टाकणं ही माझीच चूक. सकाळची वेळ, पाण्यावर धुकं, काठाला एक बदक, एवढंच होतं त्यात. पाच मिनिटांत मामेभावाचं, म्हणजे दादाचं, उत्तर आलं: 'बघा, शहर असं असतं! आणि आपल्याकडे पवईला साधा सायकल ट्रॅक होऊ दिला नाही.' लगेच त्याखाली चार अंगठे.

दादाचा राग जुना आहे. पवई तलावाच्या काठाने महापालिका सायकल आणि जॉगिंग ट्रॅक बांधत होती. मे २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने तो बेकायदा ठरवला, झालेलं काम काढून जागा पूर्ववत करायला सांगितलं. याचिका करणाऱ्यांत आयआयटीचे विद्यार्थी होते, म्हणून दादाच्या मते 'शिकलेल्या पोरांनी घोळ घातला'. आमचं घर चांदिवलीत, त्यामुळे ट्रॅक झाला असता तर तो रोज सायकल काढणार होता, असं तो म्हणतो. (सायकल आठ वर्षं गच्चीवर गंजतेय.)

मी राहते ते श्लाख्टनझे बर्लिनच्या नैर्ऋत्येला. तळ्याचं नाव तेच, वस्तीचं तेच आणि स्टेशनचंही तेच. एस-१ लोकलने उतरलं की दोन मिनिटांत पाणी. शहराच्या मध्यावरच्या पॉट्सडामर प्लाट्सला पोचायला अर्धा तासही लागत नाही, तरी इथे रविवारी इतकी शांतता की एकदा खलबत्त्यात शेंगदाण्याचं कूट करत होते, तर खालच्या आजी वर येऊन 'काही दुरुस्ती चाललीय का?' विचारून गेल्या. भाड्याचा विषय काढू नका.

पण दादा ज्याला 'ट्रॅक' समजतो तो ट्रॅक नाहीच. तळ्याभोवतीची साडेपाच किलोमीटरची ती वाट बहुतेक कच्ची आहे. झाडांची मुळं वर आलेली, पावसात चिखल, नोव्हेंबरमध्ये दुपारी साडेचारला मिट्ट काळोख, आणि दिवे नाहीत. लोक तरीही फिरतात.

इथे जे खरं काम झालंय ते फोटोत येत नाही. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी तेव्हाच्या प्रशिया राज्याचं सरकार इथल्या ग्रुनेवाल्ड जंगलाच्या कडेचे तुकडे बंगल्यांसाठी विकत होतं. लोक चिडले. शेवटी १९१५ मध्ये, ऐन महायुद्धात, बर्लिन आणि आसपासच्या गावांच्या संयुक्त मंडळाने सुमारे १०,००० हेक्टर जंगल ५ कोटी गोल्डमार्क (तेव्हाचं जर्मन चलन) मोजून सरकारकडून विकत घेतलं. अट अशी की तिथे बांधायचं नाही आणि पुढे विकायचंही नाही. माझ्या खिडकीतून पलीकडच्या काठाला जी झाडं दिसतात, ती त्या करारामुळे उभी आहेत.

पाण्याची गोष्ट तर आणखी मजेशीर. शहराला पाणी पुरवणाऱ्या विहिरींनी जमिनीखालचं पाणी ओढलं आणि इथली तळी आटू लागली. म्हणून हाफेल नदीचं पाणी पंपाने आत सोडायला लागले. नदी घाण, त्यामुळे तळं शेवाळाने हिरवंगार. १९८१ पासून ते पाणी जवळच्या बेलिट्सहोफच्या केंद्रात फॉस्फेट काढून मगच सोडतात. म्हणजे हे 'नैसर्गिक' तळं चाळीसहून जास्त वर्षं यंत्रावर जगतंय, आणि त्या यंत्राचा फोटो काढायला कोणी जात नाही.

पवईचा तलाव १८९१ मध्ये पिण्याच्या पाण्यासाठी बांधला, आणि थोड्याच काळात ते पाणी पिण्याजोगं राहिलं नाही. आज त्यात सांडपाणी येतं आणि जलपर्णी माजते. ते सांडपाणी वळवायचं, हे मी शाळेत असल्यापासून ऐकतेय. गटार वळवल्याबद्दल नारळ फोडायला कोण येणार? ट्रॅकवर नारळ फुटतो. त्यामुळे मी त्या पोरांच्या बाजूने आहे. निकालाने पाणी स्वच्छ झालं नाही हे दादाचं म्हणणं खरं आहे, पण ट्रॅकनेही झालं नसतं.

'तिकडच्या लोकांना कळतं' हेही मला पटत नाही. इथून एकदा गाडी बदलून गेलं की शेजारच्या पॉट्सडॅम शहराच्या हद्दीत ग्रीब्निट्झझे नावाचं तळं लागतं. तिथे काठाने पूर्व जर्मनीच्या सीमारक्षकांची गस्तीची वाट होती. बर्लिनची भिंत पडल्यावर त्या वाटेवरून लोक हिंडू लागले. पण जमिनी खासगी मालकांच्या. २००९ मध्ये न्यायालयाचा निकाल मालकांच्या बाजूने लागला आणि त्यांनी कुंपणं घालून वाट अडवली. मी गेले तेव्हा पाटी वाचून परत फिरले. तळं झाडीतून चमकत होतं, तेवढंच काय ते दर्शन.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. चार भागांत, कारण एका मेसेजमध्ये मावेना. आत्याने 'छान माहिती' म्हटलं. दादा दोन दिवस गप्प होता. मग विचारलं, 'आपल्या तलावात मगरी आहेत. तुमच्याकडे?'

मगरी नाहीत. कुत्रे आहेत. २०१५ मध्ये काठाच्या वाटेवर त्यांना बंदी केली, तर लोक कोर्टात गेले.

'म्हणजे आपल्यासारखेच,' दादाने लिहिलं, आणि स्वतःच्याच मेसेजला अंगठा दिला.