‘बिलाय’चा अर्थ: एका प्रतिक्रियेला उत्तर

स. न. वि. वि.

‘बिलाय’ (belie) या इंग्रजी क्रियापदाचा अर्थ मी माझ्या लेखात ‘खोटे ठरवणे’ असा एका ओळीत उरकला, त्यावर आपले दोन आक्षेप आहेत. ‘हिज फेस बिलाइज हिज एज’ (त्याच्या चेहऱ्यावरून त्याचे वय कळत नाही) या वाक्याला तो अर्थ लागू पडत नाही, हा पहिला. आणि बातम्यांत हा शब्द ‘उघड करणे’ या अर्थी सर्रास येत असताना त्याला चूक म्हणणे हा सोवळेपणा आहे, हा दुसरा.

पहिला आक्षेप मला मान्य आहे. या शब्दाच्या पोटात ‘लाय’, म्हणजे खोटे बोलणे, आहे. शेक्सपिअरच्या १६०९ साली छापलेल्या सुनीतांपैकी १३०व्या सुनीतातही खोट्या उपमा देऊन जिचे खोटेच वर्णन केले जाते, अशा स्त्रीसाठी तो आला आहे. चेहरा वयाविषयी खोटे सांगतो, म्हणजेच खऱ्या वयाचा पत्ता लागू देत नाही. आपल्या इंदूरच्या राजवाड्याचेच घ्या: १९८४च्या आगीत आतला बराच भाग जळाला, तरी चौकातून सात मजली दर्शनी भाग पाहणाऱ्याला त्या हानीची शंकाही येत नसे, तो दर्शनी भाग हानीला ‘बिलाय’ करीत होता. येथे जे झाकले जाते ते खरे असते. उलट आकडे एखाद्या दाव्याला ‘बिलाय’ करतात तेव्हा तो दावाच खोटा असतो, आणि माझी ओळ फक्त एवढ्यालाच पुरत होती. (त्यासाठी आपण इंदूरकर मराठीतही बिनदिक्कत ‘झुठलावणे’ म्हणतो, तेही ‘झूठ’पासूनच आलेले!)

दुसरा आक्षेप मात्र मी स्वीकारू शकत नाही. रूढीने शब्दांचे अर्थ बदलतात हे खरे; परंतु ‘शांत आवाजाने त्याचा राग बिलाय केला’ या वाक्यात राग लपला की दिसला, हेच ज्या रूढीमुळे कळेनासे होते, ती स्वीकारून लिहिणाऱ्याच्या हाती काय लागते? शिवाय उघड करण्यासाठी ‘बिट्रे’ (betray) हा शब्द इंग्रजीत आहेच. आपण उद्धृत केलेल्या बातमीतील साक्षीदाराचे थरथरणारे हात त्याच्या भीतीची चुगली करतात, ती झाकत नाहीत. म्हणून तेथे ‘बिट्रे’च हवे होते.

मूळ लेखातील माझी ती ओळ आज दुरुस्त केली आहे.