कडीवरची पाल

दर सुट्टीत चार दिवस आम्ही डोंगरातल्या त्याच घरात जातो. गेली अकरा वर्षं. तीच खोली, तीच खालची दरी, आणि परतताना भिंतीत विसरलेला चार्जर. वर्षातले सगळ्यात आवडते दिवस कोणते, असं आमच्या घरात कुणालाही विचारा, उत्तर हेच. मीही हेच सांगतो. तिथल्या बाथरूममध्ये पाल असते, तेवढं फक्त सांगत नाही. अकरा वर्षांत पाल बदलली असेल, जागा नाही.

मी पालीला घाबरतो. घरात हे कुणाला माहीत नाही, कारण शौर्य हे खातं माझ्याकडे आहे. पैसे बायकोकडे, औषधं आईकडे, शौर्य माझ्याकडे. ते मी मागितलं नव्हतं. लग्नाच्या गडबडीत कुणीतरी माझ्या नावावर चढवलं असावं. रात्री कुठे खुडबुड झाली की सगळे माझ्याकडे बघतात. मग मी बॅटरी घेतो आणि पाय आपटत, खोकत, खुर्च्यांना धडकत निघतो. जे काही असेल त्याला निघून जायला पुरेसा वेळ मिळावा, हा हेतू. मांजर, उंदीर, सगळे ही सूचना पाळतात. पाल पाळत नाही.

यंदा तिसऱ्या रात्री, दोनच्या सुमाराला, मी बाथरूममध्ये गेलो आणि कडी लावली. हात धुऊन वळलो तर पाल कडीवर. कडीजवळ नव्हे, कडीवरच. शेपटी दांड्यावरून खाली लोंबत होती. गळ्याखालची कातडी धडधडत होती, ती तिची. माझं काय धडधडत होतं ते सांगायला नको. मग तिने जीभ काढून स्वतःचा डोळा पुसला.

असं ती का करते, ते मला ठाऊक होतं. त्याच संध्याकाळी थोरलीने पालीवर व्याख्यान दिलं होतं. तिला आपल्यासारख्या मिटणाऱ्या पापण्या नसतात, म्हणून ती डोळे जिभेने साफ करते. तिच्या बोटांना चिकट काही नसतं. लाखो बारीक केस असतात आणि ते भिंतीला धरतात व्हान डर वाल्स बलाने. "आणि घरातली पाल विषारी नसते. मग लोक घाबरतात कशाला?" यावर सगळ्यात मोठ्याने मी हसलो होतो.

व्हान डर वाल्सना 1910 साली भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. म्हणजे नोबेलविजेत्याच्या नावाचं बळ तिच्या बाजूला, आणि माझ्या बाजूला एक प्लास्टिकचा मग.

पाणी मारावं, तर ती उडून अंगावर आली तर? ओरडावं, तर खातं जाणार. "शुक शुक" केलं, तेही इतकं हळू की मलाच जेमतेम ऐकू आलं. शेवटी बादली पालथी घालून बसलो. भ्याडपणा आणि अविचार यांच्या मधोमध धैर्य असतं, असं अ‍ॅरिस्टॉटल सांगून गेला. मी मधोमधच होतो. मागे कमोड, पुढे पाल. "हे बघ," मी तिला म्हणालो, "तुलाही बाहेर जायचंय, मलाही. तू आधी जा." तिने दुसरा डोळा पुसला.

अर्ध्या तासाने दारावर टकटक झाली. धाकटा.

"बाबा, तू कुणाशी बोलतोयस?"

"कुणाशी नाही. झोप जा."

"मला लागलीय." मग दाराच्या फटीला तोंड लावून, कुजबुजत, "पाल आहे का?"

सात वर्षांच्या पोराशी खोटं बोलायला निदान घसा ओला असावा लागतो.

"थांब," तो म्हणाला, "मी आईसारखं करतो. आई तीनदा दार वाजवते, मग ती पळते."

"आई? कधी?"

"रोज. तू जायच्या आधी. आज झोपली ती."

त्याने दार धडाधडा वाजवलं. पाल सुळकन छताकडे गेली, पण जाता जाता शेपटी टाकून गेली. ती माझ्या अंगठ्यापासून वीतभर अंतरावर पडून वळवळत होती. तुटलेली शेपटी काही वेळ हलत राहते, शत्रूचं लक्ष तिच्यावर खिळावं म्हणून, हेही व्याख्यानात होतं. शत्रूचं लक्ष पुरतं खिळलं होतं. कडी कशी काढली ते आठवत नाही.

सकाळी बायकोने विचारलं, "झोप लागली का?"

"छान."

"ती कडी जरा घट्टच आहे, नाही?"

"जराशी," मी म्हणालो.

धाकटा दरीकडे बघत होता. इतक्या मन लावून त्याने ती आजवर कधी बघितली नव्हती.

त्या रात्री मी पडल्या पडल्या डोळे मिटून घेतले. बायको उठली. बाथरूमच्या दारावर तीन थापा पडल्या. परत येऊन तिने पांघरूण ओढलं आणि भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "अहो, जाऊन या. रिकामं आहे."

मी बॅटरी घेतली आणि नेहमीसारखा खोकत, पाय आपटत निघालो.