स्टेशन एजंटचं दुकान

आमच्या पुण्यातल्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सध्या एकच वाद पेटलाय: दहा मिनिटांत सामान घरपोच देणाऱ्या अ‍ॅपमुळे कोपऱ्यावरचा वाणी बुडणार का? निम्मे लोक उधारीच्या वहीच्या आठवणीनं हळवे होतात, उरलेले म्हणतात, जमत नसेल तर शटर ओढा. मी मिनेसोटात राहतो. हेच भांडण अमेरिकेत शंभर वर्षांपूर्वी होऊन गेलंय, आणि त्याच्या मुळाशी इथलाच एक रेल्वेचा स्टेशन एजंट होता.

रिचर्ड सिअर्स. जन्म 1863. 1886 साली तो नॉर्थ रेडवूड या आडगावी नोकरीला होता. आलागेला माल बघायचा आणि फावल्या वेळात लाकूड-कोळसा विकायचा. गावातल्या सराफानं घड्याळांचं एक पार्सल घ्यायला नकार दिला, तेव्हा सिअर्सनं ते परत न पाठवता स्वतःच घेतलं आणि लाईनवरच्या इतर एजंटांमार्फत खपवलं. काळही अनुकूल होता. रेल्वे कंपन्यांनी 1883 मध्येच प्रमाणवेळ लागू केलेली, त्यामुळे खिशातल्या घड्याळाला भाव आलेला. लवकरच नोकरीला रामराम, मग शिकागो, आणि 1893 मध्ये ‘सिअर्स, रोबक अँड कंपनी’. तिच्या जाडजूड कॅटलॉगात शिलाई मशीनपासून पुढे अख्ख्या घरापर्यंत सगळं मिळायचं.

गावोगावचे दुकानदार खवळले. काही ठिकाणी कॅटलॉगांची चक्क होळी केली गेली. मला मात्र त्यांचा फारसा कळवळा येत नाही. अमेरिकेच्या दक्षिणेत काळ्या गिऱ्हाइकाला गोऱ्यांचं आटपेपर्यंत ताटकळावं लागे, उधारीत तो कायमचा अडके. पोस्टानं माल मागवताना हा अपमान टळायचा. आपल्याकडेही गावच्या दुकानात कुणाच्या ओंजळीत सामान वरून टाकलं जायचं, हे वहीच्या आठवणी काढणाऱ्यांनी विसरू नये.

म्हणून मी अ‍ॅपवाल्यांच्या बाजूचा, असंही नाही. सिअर्सची खरी कमाई त्याच्या खुर्चीत होती. कुठला माल कुठे अडलाय, घाऊक भाव काय, भाडं किती, हे त्याला तिथं बसून दिसायचं. पण रूळ त्याच्या मालकीचे नव्हते, पोस्टही नव्हतं. 1913 मध्ये सरकारी पार्सल पोस्ट सुरू झालं, त्याचे दर सगळ्यांना सारखे. माँटगमेरी वॉर्ड या प्रतिस्पर्धी कंपनीचा कॅटलॉग तर 1872 पासूनच चालू होता.

आजच्या अ‍ॅपवाल्याकडे खुर्चीही आहे आणि रूळही. कुणाचा तांदूळ वर दिसणार ते तोच ठरवतो, आणि काय खपतंय ते आधी त्यालाच कळतं. सरकारच्या पुढाकारानं ओएनडीसी हे ऑनलाइन खरेदी-विक्रीचं खुलं जाळं उभं राहिलंय, ज्यावर कुणाही दुकानदाराला माल विकता येतो. पार्सल पोस्टाच्या सगळ्यात जवळची गोष्ट आपल्याकडे तीच. ग्रुपवर इतके मेसेज पडले, पण आमचा वाणी त्यावर आहे का, हे अजून कुणी विचारलेलं नाही.