तारीख एक, दिवस मात्र वेगळे
शेक्सपिअर आणि ‘डॉन किहोते’ लिहिणारा स्पॅनिश लेखक सर्व्हान्टिस २३ एप्रिल १६१६ ला ‘एकाच दिवशी’ गेले, असं एका लेखात ठोकून दिलंय. तारीख एक, पण दिवस एक नाही हो! स्पेनने १५८२ मध्येच ग्रेगोरियन कॅलेंडर (आज आपण वापरतो तेच) घेतलं, इंग्लंड मात्र १७५२ पर्यंत जुन्या ज्युलियनलाच चिकटून होतं. तेव्हा दोन्हींत दहा दिवसांचं अंतर. म्हणजे शेक्सपिअर गेला तेव्हा स्पेनमध्ये ३ मे उजाडला होता. त्यात सर्व्हान्टिस बहुधा २२ लाच गेला, २३ ही दफनाची तारीख.

मीही एकदा २३ एप्रिलच्या पुस्तक दिनाच्या भाषणात हा ‘योगायोग’ रंगवून सांगितला, टाळ्याही घेतल्या. खाली उतरलो तर एका निवृत्त मास्तरांनी हळूच विचारलं, "कुठल्या कॅलेंडरातली तारीख?" घरी येऊन पाहिलं आणि कान धरले.