घरबसल्या दहा लाखाचं डायव्हिंग घड्याळ बनवा, तेही सांगलीत

सगळ्यात आधी अभिनंदन. तुम्ही घड्याळ मॉडिंगचा, म्हणजे सुटे भाग आणून घड्याळ आपल्याला पाहिजे तसं जोडायचा, नाद लावून घ्यायचं ठरवलंय. सांगलीत राहून समुद्राच्या तळाशी चालणारं घड्याळ मनगटावर पाहिजे, ही गरज कुणालाही पटण्यासारखीच आहे. आपल्याकडं पाण्याला काय तोटा आहे का? २०१९ च्या पुरात आयर्विन पुलापाशी पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती, म्हणजे सतरा मीटर झाले, घड्याळ ३०० मीटरचं, उरलेलं पुढच्या पुराला वापरू. आणि एरवी पोहायला कृष्णा आहेच, मगरींना पण वेळ सांगायला कुणीतरी लागतंच की.

तर सुरुवात डायलपासून करायची. कोण म्हणतं आधी मशीन बघा, कोण म्हणतं केस, म्हणजे बाहेरची डबी, चांगली घ्या, त्यांच्या नादाला लागू नका, जुन्या वळणाची माणसं आहेत ती. घड्याळात महत्त्वाचं काय, तर बाराच्या आकड्याखाली काय छापलंय. रोलेक्सचा मुकुट छापलेला २८.५ मिलिमीटरचा डायल मागवायचा, बाकी सगळं त्याच्या मागनं येतंय. अलीएक्सप्रेस २०२० च्या नोव्हेंबरात आपल्याकडं बंद झालं म्हणून रडत बसू नका, कुणाचा तरी भाऊ दुबईला किंवा बँकॉकला असतोच, त्याला सांगायचं, भावा येताना एवढं एक छोटं पाकीट आण. कस्टमवाल्यानं त्याला धरलं तर तो तुमचं नाव सांगणार नाही, सांगलीची माणसं जिवाला जीव देणारी आहेत. आणि लाज तर अजिबात वाटून घेऊ नका, परंपरा जुनी आहे. एचएमटीनं १९६१ साली जपानच्या सिटिझनला बरोबर घेऊन बंगळुरात घड्याळं काढायला सुरुवात केली, आपल्या आजोबांनी त्यांचं 'जनता' घड्याळ मनगटावर बांधून निम्मं आयुष्य काढलं, आणि त्यांच्या माघारी त्याच घड्याळावर कुणीतरी भडक निळा-लाल डायल रंगवून 'रेअर व्हिंटेज' म्हणून विकलं. जुनी घड्याळं जमवणारे त्याला 'मुंबई स्पेशल' म्हणतात. तुम्ही त्याच घराण्याचे पुढचे वारस.

मशीन कुठलं टाकायचं? एनएच३५ टाका असं सगळे सांगतील. सेइकोवाल्यांचं मशीन, २४ ज्युएल, पूर्ण चावी भरली की ४१ तास चालतंय, मोडलं तर दुरुस्त करण्यापेक्षा नवीन टाकणं परवडतं, आणि हाताशी कुठं पण मिळतं. पण त्याचा सेकंदकाटा सेकंदाला सहा ठोके घेतो आणि खऱ्या रोलेक्सचा आठ घेतो. हा फरक तुमच्या मावसभावाच्या लग्नात डीजेच्या लाइटखाली ओळखणारा एक तरी माणूस निघेल या भीतीनं तुम्ही 'सेम टू सेम स्वीप', म्हणजे काटा अगदी तसाच सरकतो असं सांगितलेलं, बिननावाचं मशीन घ्या. ते आठ ठोके देईल. किती दिवस देईल ते विचारायचं नाही.

काटे बसवताना पंखा फुल्ल ठेवा. उन्हाळा आहे.

डायल बोटानंच उचला, चिमटा बायकांचं काम आहे असं एकानं मला खरंच सांगितलंय. बोटाचा ठसा डायलवर उमटला तर ती कारागिराची सही समजायची.

तारीख बदलायची तर रात्री अकराला, झोपायच्या आधी, निवांत. त्या वेळेला आत तारखेचं चाक गुंतलेलं असतं, जबरदस्तीनं फिरवलं तर दात जातो, आणि एकदा गेला की रोज तारीख बघायची कटकट कायमची संपली.

बाहेरची फिरणारी रिंग, ती एकाच बाजूला फिरते. का फिरते, तर पाण्याखाली चुकून धक्का लागला तर गेलेला वेळ जास्त दिसावा, कमी दिसू नये, म्हणजे डायव्हर लवकर वर येईल पण हवा संपून खाली मरणार नाही. अख्ख्या घड्याळात माणसाचा जीव वाचवायला केलेली ही एक गोष्ट. स्वस्तातल्या फर्स्ट कॉपीत ती दोन्ही बाजूला फिरते, जास्तीचं फीचर. कुकरमधल्या मटणाला लावा.

हेलियम व्हॉल्व्ह असलेलीच केस घ्या. जी माणसं समुद्राखाली दिवसच्या दिवस दाबाच्या खोलीत राहून काम करतात त्यांच्या घड्याळात हेलियम शिरतो आणि वर येताना काच उडवतो, म्हणून तो व्हॉल्व्ह. आपल्याकडं हेलियम वाढदिवसाच्या फुग्यात असतो. घ्याच.

आता पाणी. इथं जरा वेळ काढून बसा, कारण सगळा उद्योग ह्याच्यासाठीच चाललाय ना? डायव्हिंग घड्याळ. डायव्हिंग.

पाणी आत जाऊ नये म्हणून घड्याळात जे काही असतं त्यातलं बाहेरनं काहीही दिसत नाही. मागच्या झाकणाखाली एक रबरी ओ-रिंग, चावीच्या नळीत एक-दोन बारके वॉशर, काचेखाली एक रिंग. बास. रुपयात बघायला गेलं तर अख्ख्या घड्याळात सगळ्यात स्वस्त. स्टेटसला फोटो टाकला तर ह्याच्यातलं काहीही दिसत नाही, मग त्याच्यावर खर्च कशाला करायचा? झाकणावर '३०० मीटर' असं खोदलंय ना, पाण्याला वाचता येतं. ओ-रिंग चपटी झाली असली तरी तीच बसवा, सिलिकॉन ग्रीस वगैरे लावायची भानगड नको. प्रेशर टेस्टर तर नकोच नको. त्या टेस्टरमध्ये घड्याळ आधी पाण्याच्या वर हवेत टांगायचं, हवा दाबून भरायची, थोडा वेळ थांबायचं, मग घड्याळ पाण्यात सोडून दाब हळूहळू कमी करायचा, आणि केसमधनं बुडबुड्यांची माळ सुटली तर घड्याळ गळतंय, दाब पूर्ण उतरायच्या आत वर ओढून घ्यायचं, नाहीतर पाणी आत. एवढा उद्योग कोण करणार? दोन मिनिटांनी कळेल की आपलं ३०० मीटरचं घड्याळ बेसिनमध्ये पण चालत नाही. असलं दुःख विकत कशाला घ्यायचं.

माझ्या चुलत मेहुण्यानं घेतलं नाही. बायकोच्या काकांचा मुलगा, मला दाजी म्हणतो, स्वभावानं चांगला आहे असं घरात सगळे म्हणतात. त्यानं कुठनं तरी 'मास्टर क्वालिटी' घेतलं, हिरव्या रिंगचं, दोन महिन्यांत मशीन बसलं. दाजी, तुमी करतासा की असलं, नुसतं मशीन बदला, दहा मिनिटाचं काम आहे. आता हे दहा मिनिटाचं काम म्हणणाऱ्यांनी एकदा स्टेम, म्हणजे चावीची दांडी, कापून चावीला बरोब्बर मापात बसवून दाखवावी, असो. घड्याळ कुणाचं का असेना, बंद पडलेलं मशीन मला बघवत नाही, मी बदललं. मशीन माझं, वेळ माझा, पैसे घ्यायचे नसतात कारण पाव्हणा. उघडल्यावर बघितलं तर मागची ओ-रिंग एका जागी चिरलेली, चावीच्या नळीत वॉशर नावाला पण नाही. त्या मापाचा मिळेना. त्याला तोंडी सांगितलं, ह्याला पाणी लावायचं नाही, हात धुताना पण काढून ठेव. व्हॉट्सॅपला पण लिहिलं. निळ्या टिका आल्या, वर अंगठा आला.

पंधरवड्यात हा तारकर्लीला. स्कूबा. पाण्याखालचा व्हिडिओ, आजूबाजूला मासे, आणि हा माशांकडं न बघता मनगट कॅमेऱ्यापुढं धरून बसलाय, अंगठा वर. तोच अंगठा.

मग फोन. दाजी, घड्याळात पाणी गेलंया. म्हटलं, उघडून लगेच माझ्याकडं पाठव, आजच्या आज, खारं पाणी आहे. नाही. कुणीतरी सांगितलं तांदळात ठेव. तर त्यानं ते इंद्रायणी तांदळाच्या डब्यात ठेवलं, तीन दिवस, वर परत काचेवरचं धुकं गेलं म्हणून खूश. अहो, पाणी सुकतं हो, मीठ कुठं जातंय? मीठ आतच बसतं, केसापेक्षा बारीक स्प्रिंगवर, स्क्रूवर, चावीच्या दांडीवर, आणि तिथं गंज धरतो, आणि तांदूळ हा मोबाइलवर पण चालत नाही तर घड्याळाला काय चालणार! खारं पाणी गेलेलं मशीन सोडवून, धुऊन, परत तेल देऊन बसवावं लागतं, तेही ताबडतोब. आमच्याकडं आलं तेव्हा बॅलन्स, म्हणजे ठोके देणारं चाक, हलत नव्हता आणि आत डब्यातल्या तांदळाचं पीठ.

हे पण चाललं असतं. पण परवा मिरजेत वास्तुशांतीला जेवणाच्या पंगतीत सगळ्यांच्या देखत हा माणूस काय म्हणतो, "दाजींनी उघडल्यापासनं बिघडलंय." सासरे ताटातनं वर न बघता म्हणाले, कशाला असल्या नादाला लागता. बायको माझ्याकडं बघतीय. समोर जिलेबी. मी काय बोलणार? ओ-रिंगबद्दल बोलू?

तर मुद्दा काय, सल्ला नंबर जो काही असेल तो: मॉडिंग करणाऱ्याला सगळ्यांसमोर दोष द्या, तो ओ-रिंगचं स्पष्टीकरण द्यायला लागला की लोक आपोआप उठून हात धुवायला जातात.

शेवटी विक्री. कंटाळा आला की घड्याळ विकायचं, आणि विकताना 'सेम ओरिजिनल, मामांनी दुबईहून आणलं, बॉक्स-पेपर पुरात गेले' असं लिहायचं. पुराचं सांगलीत कुणीही खरं मानतं, आमच्या गल्लीत तर पहिला मजला गेला होता, आणि तुम्ही त्या पुराचा असा उपयोग करणार. शाबास. ट्रेडमार्क कायदा १९९९, कलम १०३ आणि १०४, दुसऱ्याचा मार्क खोटा लावला किंवा लावलेला माल विकला तर सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख दंड, पण ते मोठ्या माणसांसाठी, तुम्ही तर काय हौशी कलाकार.

बरं, बास झालं आता. ज्यांच्या नावाचा मुकुट तुम्ही पाच-सातशे रुपयाच्या डायलवर छापून घेताय त्यांनी नाव कशावर कमावलंय ते माहिती आहे का? १९२६ ला त्यांनी पाणी न शिरणारी ऑयस्टर केस काढली, १९२७ ला मर्सिडीज ग्लाइट्झ नावाची बाई ते घड्याळ गळ्यात घालून इंग्लिश खाडीत दहा तासांच्या वर पोहली, गारठ्यानं तिला पैलतीर गाठता आलं नाही पण घड्याळ चालू राहिलं. १९५३ ला त्यांचं डायव्हिंग घड्याळ सबमरिनर आलं ते १०० मीटरचं. म्हणजे अख्खं नाव झालंय ते त्या न दिसणाऱ्या वॉशरवर. तुम्ही तेवढं नाव उचललं आणि वॉशर टाकून दिला. पंक्चर ट्यूबला सोन्याचा व्हॉल्व्ह बसवताय आणि वर हवा राहत नाही म्हणून मेकॅनिकला शिव्या देताय.

नाद करायचा तर करा की लेको. सेइकोचं एसकेएक्स००७ हे डायव्हिंग घड्याळ १९९६ ला आलं, २०१९ ला बंद झालं, जगभरच्या पोरांनी त्याच्या रिंगा बदलल्या, काचा बदलल्या, काटे बदलले, त्याच्यावरच तर हा छंद वाढला, आणि त्यात कुणालाही फसवायला लागलं नाही. साधा, काही न छापलेला डायल मिळतो. मिळतो! त्याच्यावर पाहिजे तर स्वतःचं नाव छापा, गावाचं छापा, 'हरिपूर' छापा, कोण अडवतंय? एनएच३५ रोज दहा-वीस सेकंद मागं-पुढं करेल, करू दे, कंपनी स्वतःच उणे वीस ते अधिक चाळीस सांगते. पण पाण्यात घालणार असाल तर नवीन ओ-रिंग, ग्रीस, टेस्ट. टेस्टर नसेल तर हरभट रोडला जुनी घड्याळवाली माणसं अजून बसतात, त्यांना पैसे देऊन विचारा. पैसे देऊन. आणि टेस्ट केलं नसेल तर नळाखाली पण नको. डायव्हर घड्याळाचं जे आयएसओ ६४२५ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे त्यात कमीत कमी १०० मीटर आणि वर लिहिलेल्या खोलीच्या सव्वापट दाब अशी परीक्षा आहे, तुम्ही ती फक्त झाकणावर खोदलेल्या आकड्यावर पास होणार होय?

आणि दुसऱ्याला विकताना खरं सांगा. एवढं तरी सांगा. एखादा पोरगा पहिल्या पगारातनं आयुष्यातलं चांगलं घड्याळ म्हणून तुमच्याकडनं घेईल आणि सर्व्हिसला नेल्यावर काउंटरवर चार लोकांत त्याला कळेल, त्याच्या तोंडाकडं बघायला तुम्ही तिथं असणार नाही.

पाव्हणं, तुझं घड्याळ माझ्या टेबलावर आहे. मशीन गेलं. नवीन मी टाकणार नाही, आणि डायल तुला तसाच परत मिळेल, मी त्याला हात लावलेला नाही. रविवारी दुपारी घेऊन जा. येताना त्या व्हॉट्सॅपच्या मेसेजचा स्क्रीनशॉट सासऱ्यांना दाखवून ये.