मॅक ॲड्रेसला लायसन्स बांधू नका

प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्यांमध्ये एक सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय : 'मॅक ॲड्रेस हा प्रत्येक कॉम्प्युटरवर कारखान्यातच कोरलेला, जगात एकमेव आणि कधीही न बदलणारा क्रमांक. पायथनच्या एका ओळीत मिळतो. सॉफ्टवेअरचं लायसन्स त्याला बांधा, कॉपी बंद.' यातलं एकही विधान पूर्ण खरं नाही. आणि त्याचा फटका कॉपी करणाऱ्याला बसत नाही, रीतसर पैसे मोजणाऱ्याला बसतो. म्हणूनच हे सविस्तर लिहितोय.

'प्रत्येक कॉम्प्युटरवर' इथेच पहिली गफलत आहे. मॅक ॲड्रेस कॉम्प्युटरचा नसतो, नेटवर्क इंटरफेसचा, म्हणजे नेटवर्कशी जोडणाऱ्या भागाचा असतो. साध्या लॅपटॉपमध्ये वायफायचा एक, केबलच्या पोर्टचा दुसरा, ब्लूटूथचाही एक. जादा पोर्ट देणारा यूएसबी डॉक जोडला की आणखी एक. डॉकर किंवा व्हर्च्युअलबॉक्स असं, कॉम्प्युटरच्या आतच वेगळं आभासी वातावरण चालवणारं सॉफ्टवेअर टाकलं की त्यांचे आभासी इंटरफेसही इंटरफेसच्या यादीत येऊन बसतात. आता कोडमध्ये 'यादीतला पहिला घ्या' असं लिहिलं असेल, तर डॉक काढताच पहिला कोण हे बदलू शकतं, आणि लायसन्स घेतलेल्या माणसाला त्याचंच सॉफ्टवेअर ओळखेनासं होतं.

'कोरलेला आणि एकमेव' यात थोडं तथ्य आहे. पत्ता ४८ बिटांचा. सर्वसाधारणपणे पहिले २४ बिट आयईईई ही संस्था कंपनीला देते, उरलेले कंपनी स्वतः भरते. पण ऑपरेटिंग सिस्टिमला विचारलं की ती सहसा सध्या चालू असलेला पत्ता सांगते, कारखान्यातला नव्हे. लिनक्सवर ॲडमिनचे अधिकार असलेला कोणीही तो एका कमांडने बदलू शकतो. म्हणजे ज्याला कॉपी करायचीच आहे, त्याला अडथळा जवळजवळ शून्य.

पत्त्याकडे नुसतं बघूनही थोडं कळतं. पहिल्या बाइटमधला उजवीकडून दुसरा बिट १ असेल, तर तो पत्ता स्थानिक पातळीवर, बहुतेकदा सॉफ्टवेअरने, ठरवलेला असतो. क्यूईएमयू या आभासी कॉम्प्युटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या व्हर्च्युअल मशीनचे पत्ते सहसा ५२:५४:०० ने सुरू होतात. सोळाच्या पायातलं ५२ म्हणजे ०१०१००१० : दुसरा बिट १, पत्ता स्थानिक. व्हर्च्युअलबॉक्स मात्र ०८:००:२७ वापरतं. ०८ म्हणजे ००००१०००, दुसरा बिट ०. तेव्हा ही चाचणी लावली तर आभासी कार्डही खऱ्यासारखं पास होतं. शिवाय व्हर्च्युअल मशीनची प्रत काढताना पत्ता तोच ठेवता येतो. मग 'एकमेव' कसला?

'कधीही न बदलणारा' हे तर आता उघडच खोटं आहे. वायफाय शोधताना फोन आपला पत्ता हवेत पाठवतो, आणि तो कायम असला तर त्यावरून माणसाच्या हालचाली टिपता येतात. हे थांबवण्यासाठी अँड्रॉइड १० पासून (२०१९) आणि आयओएस १४ पासून (२०२०) फोन वेगवेगळ्या वायफायला वेगवेगळा यादृच्छिक पत्ता देऊ लागले. विंडोज १० मध्येही तशी सेटिंग आहे. त्याआधीच, अँड्रॉइड ६ पासून, वायफायचा पत्ता मागणाऱ्या साध्या ॲपला ०२:००:००:००:००:०० हे ठरावीक उत्तर मिळू लागलं. ते जपून ठेवणाऱ्या ॲपच्या लेखी असे सगळे फोन एकच. हा बदल वापरणाऱ्याच्या भल्यासाठी विचारपूर्वक केलेला आहे. त्याला वळसा घालणारं कोड लिहू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

राहिली ती 'एक ओळ', म्हणजे पायथनच्या यूयूआयडी मॉड्यूलमधलं गेटनोड हे फंक्शन. अनेक इंटरफेस असतील तर ते कारखान्यातल्या धाटणीच्या पत्त्याला प्राधान्य देतं, पण त्यांतला नेमका कोणता देईल याची हमी कागदपत्रांत नाही. आणि पत्ता सापडलाच नाही तर ते एरर देत नाही. ४८ बिटांचा यादृच्छिक आकडा देतं! त्याची खूण एवढीच की पहिल्या बाइटचा शेवटचा बिट १ असतो. प्रोग्रॅम पुन्हा चालवला की आकडा वेगळा. सल्ला देणाऱ्या उदाहरणांत ही तपासणी क्वचितच दिसते. जावात वेगळा सापळा आहे : मॅक ॲड्रेस देणारं गेटहार्डवेअरॲड्रेस कधीकधी नल, म्हणजे रिकामं उत्तर देतं. उबुंटूवर (लिनक्सचा एक प्रकार) लोकलहोस्टवरून, म्हणजे मशीनच्या स्वतःच्या नावावरून, इंटरफेस शोधला की बऱ्याचदा लूपबॅक, म्हणजे मशीनचा स्वतःशीच बोलायचा आभासी इंटरफेसच हाती येतो, आणि त्याला हार्डवेअर पत्ता नसतोच.

'सर्व्हरवरून वापरणाऱ्याचा मॅक काढा' हेही ऐकू येतं. नाही निघत. हा पत्ता स्थानिक नेटवर्कपुरता. वाटेतला प्रत्येक राउटर पुढे पाठवताना आपला लावतो. ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्टलाही तो वाचता येत नाही.

मशीन ओळखायचंच असेल तर लिनक्सवर ईटीसी फोल्डरमधली मशीन-आयडी फाइल आहे, विंडोजच्या रजिस्ट्रीत (सेटिंग्जच्या साठ्यात) मशीनग्विड (MachineGuid) हा क्रमांक आहे. डिस्कच्या इमेजची, म्हणजे तयार सिस्टिमची, प्रत काढली तर हेही सारखे निघू शकतात, म्हणून लायसन्सला सर्व्हरवरची नोंद आणि मशीन बदलायची सोय दोन्ही हवीत. मॅक वाचायचा तो नेटवर्कच्या कामासाठी : डीएचसीपीत (आयपी पत्ते वाटणाऱ्या सेवेत) ठरावीक आयपी राखून ठेवायला, वेक-ऑन-लॅनने नेटवर्कवरूनच मशीन जागं करायला, कार्यालयातल्या कार्डांची यादी करायला. तिथेही सगळे इंटरफेस नावासकट दाखवा आणि कोणता हवा ते माणसाला निवडू द्या.