स्प्रिंकलर बसवा, पाण्याचं नंतर बघू

सोसायटीच्या कमिटीवर नव्याने निवडून आलेल्या तमाम सभासदांचं अभिनंदन. (निवडून कसले, जनरल बॉडीला उशिरा पोचलात म्हणून तुमच्या माघारी तुमचं नाव घातलं गेलं. ते असो.) आता तुमच्या गळ्यात लिफ्ट, टँकर, पार्किंगची भांडणं आणि सगळ्यात शेवटी छताला लागलेले ते आगीच्या स्प्रिंकलरचे लाल पाइप पडतील. घाबरू नका. आमच्या सोसायटीने हा विषय सोळा वर्षं विनासायास हाताळला. गेल्या गुरुवारच्या पहाटेपर्यंत. आमचा अनुभव तुमच्या कामी यावा, एवढ्याचसाठी हा लेखनप्रपंच.

पहिली गोष्ट, स्प्रिंकलर हा दागिना आहे. बिल्डरने तो ओसीसाठी, म्हणजे राहायला परवानगी देणाऱ्या दाखल्यासाठी घातला, ओसी मिळाली, विषय संपला. लग्नात आलेला काचेचा डिनर सेट आपण रोज वापरतो का?

रंगकाम काढलंत तर छत आणि स्प्रिंकलर यांत रंगाऱ्याला भेदभाव करू देऊ नका. एका दमात दोन कोट. प्रत्येक स्प्रिंकलरच्या तोंडाशी बोटाच्या पेराएवढी काचेची कुपी असते, आत लाल द्रव. आसपासची हवा तापली की तो द्रव फुगतो, साधारण 68 अंशांना काच फुटते आणि पाणी सुटतं. रंगाचा थर चढला की ती कुपी उशिरा तापते, नाहीतर फुटूनही बूच जागचं हलत नाही. पण ऑफव्हाइट छतावर लाल ठिपका दिसतो किती वाईट!

फॉल्स सीलिंग करताना स्प्रिंकलर आत गाडले गेले तर गाडू द्या. डोळ्याआड झालं की डोक्याला ताप नाही.

हे पाइप ज्यातून वर जातात त्या डक्टला कुलूप घाला आणि चावी जुन्या सेक्रेटरींकडे राहू द्या. ते आता नाशिकला असतात.

सत्यनारायणाच्या धुपाने घरभर पाऊस पडेल, असं कुणी मीटिंगमध्ये म्हणालं तर माना डोलवा. स्प्रिंकलर धुराने नाही, उष्णतेने उघडतो, आणि जो तापला तेवढाच उघडतो, हे सांगणाऱ्याला कुणी चहासुद्धा विचारत नाही. मी सांगून पाहिलंय.

आता फॉर्म बी. आपल्या राज्यात 2006 चा आग प्रतिबंधक कायदा आहे. त्याप्रमाणे यंत्रणा चालू स्थितीत आहे असं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र जानेवारीत आणि जुलैत द्यावं लागतं. वर्षातून दोनदा! तीन कोटेशन मागवा आणि सर्वांत स्वस्त माणूस निवडा. आमचा स्कूटरवरून आला, ऑफिसात चहा घेतला, मागच्या वेळचा कागद मागितला, तारीख बदलली आणि शिक्का मारला. तो बेसमेंटचा जिना उतरलाच नाही. मी म्हटलं, पंप चालू करून बघायचा का? तर म्हणाला, "कशाला साहेब, आवाज होतो. मग रहिवासी तक्रार करतात." केवढी ती माणुसकी.

राहिला पंपरूम. इथे खरं कौशल्य लागतं. तिथे एक लहान जॉकी पंप असतो. पाइपातला दाब जरा उतरला की तो आपोआप सुरू होतो आणि दाब भरून काढून बंद पडतो. कुठेतरी गळती असेल तर तो सारखा चालतो आणि विजेचं बिल वाढतं. अशा वेळी गळती शोधत बसू नका. पॅनलवरचा खटका ऑटोवरून ऑफवर आणा. बिल खाली! डिझेल पंपाची बॅटरी उतरली असेल तर काढून ठेवा, जनरेटरला चालते. दाबाचा काटा शून्यावर टेकलेला दिसला तर समजा, तो विश्रांती घेतोय. मे महिन्यात टँकर आला नाही तर फायरच्या टाकीत प्लंबरकडून एक सबमर्सिबल पंप सोडून घ्या आणि ते पाणी फ्लशला द्या. आग काय रोज लागते? संडासाला रोज जावं लागतं.

आणि स्प्रिंकलरच्या पाइपांना पाणी सोडणारा तो बेसमेंटमधला मुख्य व्हॉल्व्ह. 2021 च्या पावसाळ्यात बेसमेंटमधल्या एका जॉइंटमधून थेंब थेंब पाणी चेअरमनसाहेबांच्या गाडीच्या बॉनेटवर पडू लागलं. पांढरे डाग. तातडीची मीटिंग बसली. दुरुस्तीचं कोटेशन होतं चाळीस हजारांचं. सभासदांचा जीव वरखाली झाला. त्याच मीटिंगमध्ये गेटच्या खांबांना ग्रॅनाइट लावायला सव्वा लाख मंजूर झाले, पण तो खर्च दिसणारा होता. जॉइंटचं काय, तो छताला. सबब बेसमेंटचा व्हॉल्व्ह 'तात्पुरता' बंद करण्याचा ठराव झाला. चाक फिरवलं आणि कुणी पोराटोराने उघडू नये म्हणून त्याला सुतळी बांधली. ती सुतळी अजून आहे. आमच्या सोसायटीत इतकं टिकाऊ काम दुसरं झालेलं नाही.

आम्ही निष्काळजी होतो असं मात्र म्हणू नका. 2017 च्या डिसेंबरात मुंबईत कमला मिलमधल्या आगीत 14 माणसं गेली, आम्ही मीटिंग घेतली. 2018 च्या ऑगस्टमध्ये परळचा क्रिस्टल टॉवर पेटला, मीटिंग. 2022 च्या जानेवारीत ताडदेवचा सचिनम हाइट्स, मीटिंग. 2023 च्या ऑक्टोबरात गोरेगावच्या इमारतीत पहाटे पार्किंगमध्ये लागलेली आग वर चढली आणि झोपेतली माणसं सापडली, तेव्हाही मीटिंग. प्रत्येक वेळी समोसे होते. पार्किंगमधलं भंगार आठ दिवसांत हलवावं, असा ठराव एकमताने झाला. आणि भंगारात दोन गाद्यांची भर पडली.

त्याच गाद्यांवर गुरुवारी पहाटे चारला ट्यूबलाइटची वायर जळून पडली.

वॉचमनने आरडाओरडा केला तेव्हा आम्ही पाचसहा जण खाली धावलो. धूर कमरेपर्यंत उतरला होता. गाद्यांच्या बरोबर वरचा स्प्रिंकलर एकटा इमानदार निघाला. टक्कन काच फुटली, अर्धा कप काळं घाण पाणी पडलं, मग फुस्स करून हवा. आणि काही नाही. आम्ही सगळे माना वर करून बघत उभे! वॉचमन बीडचा, वीसबावीस वर्षांचा पोरगा. "साहेब, वरनं कायच येईना!" म्हणाला, तोंडाला ओला टॉवेल गुंडाळला आणि गाड्या धुवायच्या नळाचा पाइप ओढत आत शिरला. अग्निशमनची गाडी येईपर्यंत त्याने आग धरून ठेवली. ज्याला आपण आठ हजारांवर पाचशे वाढवताना तीन मीटिंगा घेतल्या, त्याने.

गाडीबरोबर आलेल्या साहेबांनी कागद मागितला. सेक्रेटरींनी फाइल उघडून जुलैचा फॉर्म बी दाखवला. यंत्रणा चालू स्थितीत आहे. साहेबांनी कागद वाचला, पंपरूममधला शून्यावरचा काटा बघितला, सुतळीला बोट लावून बघितलं. काही बोलले नाहीत. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मला आता ह्या लेखात उपरोध वगैरे जमत नाही. लाज वाटत नाही का आपल्याला? दीडदोन कोटींची घरं घेतो, लॉबीत झुंबर लावतो आणि चाळीस हजारांसाठी तीनशे माणसांच्या पायाखालचं पाणी तोडतो! तो एजन्सीवाला चोर आहेच, पण त्याला स्वस्तातला चोर म्हणून आपण निवडलाय. पंपाच्या आवाजाची तक्रार आपणच करतो. सरकार, बिल्डर, महापालिका यांच्या नावाने नंतर बोटं मोडा. खटका ऑफ करायला महापालिका आली नव्हती. आणि मीही साळसूद नाही. व्हॉल्व्ह बंद करण्याच्या ठरावाच्या मिनिट्स काल काढून बघितल्या. अनुमोदक म्हणून माझी सही आहे.

पोरगा दोन दिवस खोकत होता. त्याला डॉक्टरकडे नेण्याचा खर्च कुठल्या खात्यात घालायचा, हे अजून ठरलेलं नाही. ग्रुपवर मात्र आज सकाळी मेसेज आलाय: बेसमेंटचं छत काळं पडलंय, गणपतीच्या आधी रंग मारून घेऊ या, पाइपसकट.